घरातले अक्षर

माझी नात अडीच वर्षांची आहे. तिच्यासाठी माझ्या मुलाने जाड पुठ्ठ्याचे एक चित्रपुस्तक आणले. एका पानावर एक अक्षर आणि त्याखाली एक चित्र. सोबत आईबापांसाठी सूचनांचा एक कागद होता. ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढावे, कणकेच्या गोळ्याचे अक्षर वळावे, भाजी निवडताना ठरावीक अक्षराची वस्तू मुलाला शोधायला लावावी, निजताना रोज एक गोष्ट वाचून दाखवावी. सूचना चांगल्या आहेत. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. मूल खेळता खेळता अक्षर ओळखते, आणि हाताला कळलेले अक्षर डोळ्याला लवकर कळते, हे मी पाहिले आहे. तरीही तो कागद वाचताना मी अडखळलो. मुलाशी खेळायला मोकळा वेळ असलेली आई, तिला येणारे वाचन, रात्रीचा दिवा, खेळात वाया गेला तरी चालेल इतका रवा: हे सर्व त्या कागदाने गृहीत धरले होते. 'घर' हा शब्द तिथे असा वापरला होता, की जणू या देशात एकाच तऱ्हेचे घर आहे.

या अडखळण्याला माझ्या बाबतीत एक बोचरी बाजू आहे, ती आधी सांगितली पाहिजे. मी नोकरीत नवा असताना ऊसतोडीहून परतलेली एक आई पाडव्याच्या सुमारास तिच्या मुलाला घेऊन शाळेत आली. मूल पाच महिने कारखान्याच्या तळावर होते. ते पहिलीत होते आणि त्याला एकही अक्षर येत नव्हते. मी तिला म्हणालो, "घरी थोडं तरी करून घ्यायला नको का, बाई?" ती म्हणाली, "गुरुजी, कोपीत आम्ही पहाटं तीनला उठतो. लेकरू अंधारातच गाडीवर असतंय. कुणी करून घ्यावं, आन् कशावर?" मी गप्प बसलो. मी स्वतः अशाच घरातून आलो होतो. शिक्षक झाल्यावर काही वर्षांतच 'घर' या शब्दाचा अर्थ माझ्या मनात बदलून गेला होता, आणि तो कधी बदलला हे मला कळलेदेखील नव्हते.

"यांच्या घरात अक्षर नाही" हे वाक्य शाळेच्या खोलीत आजही सहज उच्चारले जाते. ते मुलाच्या कुवतीविषयीचे विधान म्हणून उच्चारले जाते. वास्तविक ते इतिहासाविषयीचे विधान आहे. अक्षर घरात केव्हा आले, कोणाच्या घरात आले आणि कोणाच्या दारावर अडवले गेले, हे तपासल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ लागत नाही.

आरंभाला आपण 'ओनामासी' म्हणतो. हा शब्द 'ॐ नमः सिद्धम्' या वंदनाचा घासून गुळगुळीत झालेला अवशेष आहे, आणि त्या वंदनाचे नाते जैन व बौद्ध या श्रमण परंपरांशी सांगितले जाते. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने नोंदवले आहे, की इथली मुले सहाव्या वर्षी सिद्धम् ही अक्षरपुस्तिका हाती घेतात आणि सहा महिन्यांत ती पुरी करतात. त्याच्याही आधीच्या 'ललितविस्तर' या बौद्ध संस्कृत ग्रंथात लिपिशाळेचा एक अध्याय आहे. बाल सिद्धार्थ शाळेत येतो, मुले त्याच्याबरोबर वर्णमाला म्हणू लागतात, आणि प्रत्येक अक्षरातून एक विचार उमटतो. 'अ' म्हणताच सर्व संस्कारांच्या अनित्यतेचा, 'आ' म्हणताच स्वतःच्या व परक्याच्या हिताचा, 'द' म्हणताच दान आणि संयमाचा. ही दंतकथा आहे आणि ती एका राजपुत्राची आहे, हे विसरू नये. तिथे चांभाराचे मूल बसले होते असा दावा मी करणार नाही. परंतु एक गोष्ट त्यातून निश्चित दिसते. अक्षरासोबत मुलाला काय द्यायचे, हा निर्णय फार जुन्या काळापासून जाणीवपूर्वक घेतला गेलेला आहे. अक्षराला चिकटवलेले चित्र कधीच निरागस नव्हते.

पुढे 'ओनामासी'चा अर्थ लोक विसरले आणि शब्द तेवढा उरला. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवले जाई. लाकडी फळी, तिच्यावर पसरलेली धूळ आणि एक काडी: याहून स्वस्त साधन जगात नसेल. धूळ तर महारवाड्यात आणि मांगवाड्यात हवी तितकी होती. म्हणजे अडचण साधनांची नव्हती. धुळीत काय काढायचे हे ज्याला ठाऊक होते तो तिथे पाय ठेवत नव्हता, आणि तिथले मूल त्याच्या ओसरीवर चढू शकत नव्हते. निर्धनता हे निरक्षरतेचे कारण म्हणून नेहमी पुढे केले जाते. धूळपाटीचा इतिहास त्या कारणाला पुरेसे मानू देत नाही.

इंग्रजी अमलात सरकारी शाळा निघाल्या, तेव्हा तरी दार उघडले का? १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. सरकारने त्याच वर्षी जुलैत निर्णय दिला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे त्यात मान्य केले होते, आणि एका मुलासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींना धक्का देणे इष्ट नाही, असे म्हणून त्याला बाहेरच ठेवले होते. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढे आपल्या लेखनातून उजेडात आणले. त्या मुलाच्या घरात अक्षर का नव्हते, याचे उत्तर सरकारच्या दप्तरात लेखी आहे.

याच्या आदल्याच वर्षी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. वेद ही ब्राह्मणांचीच मालमत्ता असेल, तर आम्ही ग्रंथावाचून, म्हणजेच धर्मावाचून उरलो, असा रोखठोक युक्तिवाद ती त्यात करते. थोड्या वर्षांच्या शाळेने जर मुक्ता घडते, तर कुवतीचा प्रश्न १८५५ सालीच निकालात निघाला होता. उरला होता तो फक्त दाराचा प्रश्न.

हा दाराचा प्रश्न केवळ आपल्या देशातला नव्हे. खेळातून अक्षरे शिकवावीत ही कल्पना आज नवी म्हणून सांगितली जाते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ साली शिक्षणावरील आपल्या पुस्तकात ती मांडली होती. फाशांवर अक्षरे चिकटवावीत, मुलाने ती टाकून खेळावे, शिकणे हे त्याला ओझे वाटू नये, असे तो म्हणतो. पुस्तक सभ्य गृहस्थाच्या मुलासाठी होते. याच लॉकने १६९७ साली गरिबांसंबंधी सरकारला एक योजना सादर केली. धर्मादाय मदत घेणाऱ्या कुटुंबांतील तीन वर्षांवरील आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामशाळेत घालावे, त्यांना लोकर कातायला लावावी, खायला भाकरी द्यावी आणि थंडीत हवी तर सोबत पातळ पेज द्यावी. योजना अमलात आली नाही. परंतु तीन वर्षांच्या मुलाचे हात कशासाठी असतात, या प्रश्नाची एकाच माणसाने चार वर्षांच्या अंतराने दिलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. एका हातात फासा, दुसऱ्या हातात चाती. बालपणही वर्गानुसार वाटले जाते. आपल्याकडे ते जातीनुसार वाटले गेले.

अमेरिकेत ते रंगानुसार वाटले गेले. फ्रेडरिक डग्लस या गुलाम मुलाला बाल्टिमोरमध्ये मालकिणीने अक्षरे शिकवायला सुरुवात केली. मालकाला ते कळताच त्याने शिकवणे बंद पाडले, कारण वाचणारा गुलाम गुलामीला निरुपयोगी होतो, हे त्याला चांगले ठाऊक होते. डग्लसने मग रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना भाकरी देऊन त्यांच्याकडून अक्षरे विकत घेतली. जहाजाच्या कारखान्यात लाकडावर सुतार खुणेची अक्षरे काढत, ती तो शिकला. कुंपणावर, भिंतीवर, फरसबंदीवर त्याने खडूने गिरवले. मालकाच्या मुलाच्या भरलेल्या वह्यांत ज्या ओळी रिकाम्या राहत, त्यांत त्याने लिहिले. घरात अक्षर होते, पण ते त्याचे घर नव्हते. त्याचे १८४५ सालचे आत्मकथन आपल्या आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे.

त्यानंतर एका वर्षाने, १८४६ साली, फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधी चळवळीतील हॅना आणि मेरी टाउनसेंड या बहिणींनी लहान मुलांसाठी एक अक्षरपुस्तक काढले. त्याचे पहिले अक्षर गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या कार्यकर्त्याचे आहे. साखरेच्या अक्षरापाशी ते पुस्तक वाचणाऱ्या मुलाला सांगते, की तुझ्या चहात आणि खाऊत जी साखर पडते ती गुलामाच्या कष्टाची आहे. वाचणारी मुले गोऱ्यांची होती. परंतु अक्षरासोबत वस्तू आणि वस्तूसोबत ती निर्माण करणारा माणूस दाखवायचा, हे त्या पुस्तकाने केले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे वाचकांना ठाऊकच आहे. तो धागा अक्षरपुस्तकापर्यंत आपण कधी आणला नाही.

आता आपल्या अंकलिपीकडे वळू. मी १९६६ च्या सुमारास जी अंकलिपी पाहिली, तिच्यातली चित्रे मला अजून आठवतात. अ अननसाचा. आमच्या गावात अननस कोणी पाहिलेला नव्हता. उ उखळाचा, ऊ उसाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. ऋ ऋषीचा, भ भटजीचा, क्ष क्षत्रियाचा. पुष्कळ वर्षांनी, शिक्षक झाल्यावर, त्या चित्रांतली व्यवस्था माझ्या ध्यानात आली. श्रमाच्या वस्तू पुस्तकात होत्या. ऐरण होती, लोहार नव्हता. औत होते, ते धरणारा नव्हता. उखळ होते, कांडणारी बाई नव्हती. ऊस होता, कोयता नव्हता आणि कोयता चालवणाराही नव्हता. माणसे म्हणून जे चितारले होते, ते ऋषी, भटजी आणि क्षत्रिय. कोणी बसून हा कट केला असे मी म्हणत नाही. चित्रकाराच्या मनात 'माणूस' म्हटल्यावर जी आकृती आली ती त्याने काढली. हेच अधिक गंभीर आहे.

माझी स्वतःची ओनामासी त्या अंकलिपीने झाली नाही. माझ्या वडिलांचा एक चुलतभाऊ, बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयात शिकला. सुट्टीत तो गावी आला की आमच्या वस्तीतल्या बाप्यांना लिंबाखाली अक्षरे शिकवी. वडिलांचे तेव्हा लग्न झालेले होते. दिवसभर खडी फोडून ते संध्याकाळी त्याच्यापुढे पाटी घेऊन बसत. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांनी आमच्या घराच्या भिंतीवर कोळशाने 'जयभीम' लिहिले. आई दर सणाला भिंत पांढऱ्या मातीने सारवी, अक्षरे पुसली जात, आणि वडील ती पुन्हा लिहीत. मी रांगत्या वयापासून ते पाहिले. मी पहिल्यांदा ओळखलेले अक्षर 'ज', दुसरे 'य', आणि मग 'भ'. शाळेत अंकलिपीत 'भ' भटजीचा म्हणून शिकवले, तेव्हा मला ते चूक वाटले. आमच्या भिंतीवर तर तो दुसऱ्याच कोणाचा होता. आई निरक्षर होती. पण सारवताना कुठे हात थांबवायचा आणि वडील येईपर्यंत कोणती जागा वाळू द्यायची, हे तिला ठाऊक असे. आज त्या सूचनांच्या कागदावर 'घरगुती अक्षरखेळ' म्हणून जे छापले आहे, ते आमच्या घरात झाले होते. त्याला तसे नाव नव्हते, इतकेच. आणि ते एका चळवळीने आमच्या घरात आणले होते, हे मी मुद्दाम सांगतो. अक्षर आमच्या घरी वारशाने आले नाही.

बालशिक्षणाच्या क्षेत्रातही हा प्रश्न ज्यांनी ओळखला असे लोक झाले. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले ते सॅन लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत. वाळूच्या कागदाची अक्षरे कापून मुलांनी त्यांवरून बोट फिरवायचे, ही रीत त्या चाळीतल्या मुलांच्या हाती वाढली. आज तीच रीत भरमसाट शुल्काच्या शिशुवर्गांत विकली जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी व गरीब मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथे आकाराला आला. शंख, शिंपले, बिया, पाने हे तिथले शैक्षणिक साहित्य झाले. 'अंगणवाडी' हा शब्द याच प्रयोगातून आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. यातले मोठेपण मला मान्य आहे. पण अंगण कोणाचे, हा प्रश्न तरीही उरतो. गावात अंगणवाडी कोणत्या वस्तीत भरते, तिथे खिचडी शिजवणारी बाई कोण आहे आणि तिच्या हातची खिचडी कोण खात नाही, हे प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना नवे नाहीत. आणि जी बाई दिवसभर मुलांना सांभाळून अक्षर देते, तिच्या श्रमाला अजून 'मानधन'च म्हटले जाते.

आता कायद्याकडे पाहावे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा अकरा वर्षांपर्यंत खाली आणावी अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला लावायचे नाही, तर त्याला त्या वयापर्यंत शाळेतच ठेवले पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यातून आलेल्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण, असे शब्द होते. वयाची खालची मर्यादा त्यात नव्हती. दहा वर्षांची मुदत दिली होती, ती १९६० साली संपली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण सहा ते चौदा वयासाठी. सहा वर्षांखालील मूल हक्कातून वगळून शासनाच्या प्रयत्नांवर सोपवले गेले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा त्याच चौकटीत आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते सहा ही वर्षे पायाभूत मानते, पण ती हक्कात बसवणारा कायदा झालेला नाही. याचा सरळ अर्थ असा: ज्या वर्षांत अक्षराशी पहिली ओळख होते, ती वर्षे घरावर सोडली आहेत. आणि घर म्हणजे धारवाडच्या मुलाच्या नातवंडांचे घर, किंवा कोपी. पहिलीच्या वर्गात एकाच बाकावर बसलेली दोन मुले एकाच दिवशी शाळेत आलेली नसतात. एक आलेले असते पिढ्यांपूर्वी.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार निवृत्त शिक्षकांनी ऊसतोड कामगारांच्या लहान मुलांसाठी हाताने अक्षरतक्ते काढायला घेतले. 'ऊ'पाशी ऊस काढला आणि शेजारी मोळी बांधणारी बाई. 'ऐ'पाशी ऐरण आणि लोहार. 'ख'पाशी खडी फोडणारा बाप. 'झ'पाशी आल्यावर मी झाडू मारणाऱ्या बाईचे चित्र सुचवले. तेव्हा आमच्यातल्या एका बाई संतापून म्हणाल्या, "सर, झाडू सोडवण्यासाठी आपण शिकलो, आणि दोन वर्षांच्या लेकराला पुन्हा तोच दाखवायचा?" आमचा वाद दोन दिवस चालला. श्रम लपवायचा नाही हे माझे म्हणणे खरे होते. पण जातीने लादलेले काम मुलाच्या पहिल्या पुस्तकात त्याची ओळख म्हणून उतरता कामा नये, हे त्यांचे म्हणणे अधिक खरे होते. शेवटी 'झ'पाशी झरा आला. खडी फोडणाऱ्या बापाच्या मांडीशी आम्ही पाटी काढली. 'भ'पाशी कोळशाने भिंतीवर लिहिणारा माणूस आहे. आणि 'अ'चा अननस आम्ही राहू दिला. आमच्या मुलांनी अननस पाहिलेला नाही, म्हणून त्याचे चित्र काढून घ्यावे, हा न्याय नव्हे. त्यांना अननसही हवा.

म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे, की "घरी करून घेत नाहीत" हे वाक्य आपण आपल्या तोंडातून काढून टाकू या. मी ते उच्चारले आहे, आणि त्या आईचा प्रश्न अजून माझ्याकडे उत्तर मागतो. कार्यकर्त्यांनी तीन ते सहा या वर्षांचा हक्क ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत वर आणावी, आणि तळावरच्या कोपीपर्यंत अंगणवाडी येते की नाही ते हंगामात जाऊन पाहावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारावे, की पहिले अक्षर कोणी, कुठे आणि कशावर शिकवले. धूळ, भिंत, खडी, लिंबाची सावली, जे सांगतील ते लिहून ठेवावे. आमचे तक्ते अजून अपुरे आहेत. 'ठ', 'ढ' आणि 'ण' यांची चित्रे ठरलेली नाहीत. आपल्या वस्तीतले शब्द वाचकांनी या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावेत.